बारा बादल्यांची वही: समुद्रशैवाल काय खातं आणि त्याच्या अंगी काय लागतं

२२ ऑक्टोबर २०२३, रत्नागिरी

विषय ठरला, आणि तो ठरला एका फजितीतून. पंधरा दिवस संदर्भ वाचून मी एक तक्ता करत होते: कोणत्या समुद्रशैवालात प्रथिनं किती, राख किती, कर्बोदकं किती. उल्वा म्हणजे आपल्या खडपांवर हिरव्या पातळ पानांसारखी दिसते ती. तिच्या रकान्यात एका ठिकाणी प्रथिनं ७ टक्के होती, दुसरीकडे २० च्या वर, तिसरीकडे मधलाच आकडा. माझ्या गाईड मॅडमना विचारलं, यातला चुकीचा कोणता?

मॅडमनी उलट मलाच विचारलं, "कुठून आणलेली? कोणत्या महिन्यात? तोडून थेट वाळवली, की आधी टाकीत ठेवली होती?"

माझ्या तक्त्यात यातला एकही रकाना नव्हता.

"मग सगळे बरोबर असतील," असं म्हणून त्यांनी तक्ता परत दिला. आता वर्षभर हेच करायचं आहे. जात तीच ठेवायची, पाणी बदलायचं आणि आत काय बदलतं ते मोजायचं. दोन जाती घेतल्या. एक उल्वा, कारण ती पातळ आणि अधाशी आहे. दुसरी ग्रासिलारिया कॉर्टिकाटा, लाल आणि फांद्याफांद्यांची. ग्रासिलारियातून अगार निघतं, म्हणजे बाजारातलं चायनाग्रास. त्यामुळे घरी आईला सांगताना तरी हा विषय कळेल असा आहे.

२९ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली. आज उधाणाची सुकती, पाणी चांगलं लांब गेलं होतं. पावसाळ्यात हे खडप घासून धुऊन निघतं, नवी उगवण आत्ता कुठे बोटभर झाली आहे. खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीत. पण दोन जागा आजच नक्की केल्या.

जागा 'अ': खडपाचं समुद्राकडचं टोक. लाटा थेट येतात, आजूबाजूला वस्ती नाही.
जागा 'ब': वाडीतून येणारा पऱ्या जिथे समुद्राला मिळतो तिथून पन्नास-साठ पावलांवर. पऱ्याबरोबर न्हाणीघरांचं, गोठ्यांचं पाणी येतं.

डोळ्यांनीच फरक दिसतो. 'ब'ची उल्वा गर्द हिरवी, अळूच्या पानासारखी. 'अ'ची फिकट, कडेला पिवळसर. कालवं काढणाऱ्या एक काकी माझी पिशवी बघून थांबल्या. "ही गटारातली कशाला घेतेस? वरची स्वच्छ घे की!" काकींना मी काय मोजणार आहे ते माहीत नव्हतं, पण फरकाचं कारण त्यांनी अचूक सांगितलं.

उल्वा उपटताना तिची चकती दगडालाच राहते. आपण सहज 'मूळ' म्हणतो, पण ते मूळ नव्हे, नुसती पकड आहे. जमिनीवरच्या झाडाचं तोंड मुळाशी असतं. शेवाळाला तोंड असं एका जागी नसतंच. पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर पाण्यातून नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), लोह, कर्ब (कार्बन) खेचत असतो. उल्वाचं पान तर अवघं दोन पेशी जाडीचं, म्हणजे प्रत्येक पेशीची एक बाजू पाण्यालाच लागलेली. ग्रासिलारियाच्या फांदीत मात्र आतल्या बऱ्याच पेशी पाण्यापासून लांब असतात. म्हणून घेण्याच्या वेगात उल्वा पुढे असेल असा अंदाज. बघू.

४ नोव्हेंबर

आज मोठी चूक. नमुने साफ करताना (बारीक शिंपले, वाळू आणि उड्या मारणारे ते किडे, शंभरेक तरी निघाले) शेवटी एकदा नळाच्या पाण्यातून खळबळून काढले. पाच मिनिटं तसेच ठेवले आणि चहाला गेले. परत येऊन बघते तर पानं मऊ, लिबलिबीत.

गोड्या पाण्यात पेशी पाणी ओढून फुगतात, आणि आत जपून ठेवलेलं पोटॅशियम, नायट्रेट, सुटी अमिनो आम्लं बाहेर झिरपतात. म्हणजे मी जे मोजणार होते तेच नळाखाली सोडून दिलं. मॅडम म्हणाल्या, छापलेल्या कित्येक आकड्यांत ही नळाची धार लपलेली असते. कोणी धुतलं, किती वेळ, हे कोणी लिहीत नाही. आता नियम केला आहे: गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातच धुवायचं. वाळवण्याआधी गोड्या पाण्यात फक्त एक बुचकळी, तीही दोन सेकंदांची, वरचं मीठ जाण्यापुरती.

पहिल्या खेपेचा सगळा माल फुकट. २९ तारखेचे थेट ओव्हनमध्ये ६० अंशाला वाळवलेले दोन छोटे नमुने तेवढे वाचले.

१८ नोव्हेंबर

दिवाळी उरकून बुधवारी नवा माल आणला. आज पहिला 'शोषणाचा' प्रयोग.

कृती सोपी आहे. एक लिटर गाळलेलं समुद्राचं पाणी, त्यात ३० मायक्रोमोलर अमोनियम (अमोनियम हे नत्राचं एक रूप, मायक्रोमोलर हे विरळ द्रावणाचं माप). टिश्यूने टिपून वजन केलेली १ ग्रॅम उल्वा सोडायची. ठरावीक मिनिटांनी थोडं पाणी काढून त्यात किती अमोनियम उरलं ते बघायचं. शेवाळाने किती घेतलं हे शेवाळाला विचारायचंच नाही, पाण्यातून किती गेलं यावरून काढायचं. अमोनियम मोजायला फिनॉल आणि हायपोक्लोराइटची निळी पद्धत: जितकं अमोनियम जास्त तितका निळा रंग गडद, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६४० नॅनोमीटरला वाचायचं.

सगळं निळं झालं. कोरा नमुनाही निळा. शेवाळ नसलेला फ्लास्क तर शेवाळवाल्याहून निळा. तीन तास अभिकर्मकांवर संशय घेऊन ते पुन्हा केले, तरी निळंच. शेवटी मामांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या परिचरांनी, उत्तर शोधलं. पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं पाण्याच्या कठीणपणाचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि त्यांची अमोनिया बफरची बाटली सकाळपासून उघडी होती. "मला तर दारातच वास आला," मामा म्हणाले. मी सर्दीने बेजार होते.

आजचे आकडे खोडले.

२५ नोव्हेंबर

आज लॅब रिकामी, खिडक्या उघड्या, झाकणं बंद. जमलं.

'अ'ची उल्वा: सुरुवात ३०. दहा मिनिटांनी २४. तासाभराने ११. शेवाळ नसलेला फ्लास्क २९ वरच.

पहिल्या दहा मिनिटांत ६ गेले. त्याच वेगाने तासाला ३६ जायला हवे होते, गेले १९. म्हणजे सुरुवातीला भराभर ओढते आणि मग धीमी होते. पुस्तकात याला तीन टप्पे सांगतात. उपाशी शेवाळाला अन्न दिसलं की आधी पेशीतली रिकामी जागा भरते. हा उसळीचा टप्पा. जागा भरली की घेण्याचा वेग आतल्या कारखान्यावर ठरतो, अमोनियमचं अमिनो आम्ल किती वेगाने होतं त्यावर. आणि पाण्यातलंच संपत आलं की वेग बाहेरच्या पुरवठ्यावर ठरतो. फक्त एका तासाचा सरासरी वेग छापला, तर यातला कोणता टप्पा मोजला ते कधीच कळणार नाही.

'ब'च्या उल्वाने त्याच वेळात निम्मंही घेतलं नाही. ती पोटभर जेवून आलेली होती. जास्त नत्राच्या पाण्यात वाढलेली जास्त अधाशी असेल असं मला उगाच वाटत होतं, निघालं उलट.

ग्रासिलारिया अंदाजाप्रमाणे सावकाश.

दुपारी अमोनियमऐवजी नायट्रेट, म्हणजे नत्राचं दुसरं रूप, दिलं. तेही घेतलं, पण कमी वेगाने. कारण कागदावर बघितलं की पटतं. अमोनियम पेशीत शिरलं की ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बनवायला जवळजवळ तयार असतं. नायट्रेटचं आधी नायट्राइट करावं लागतं, मग त्याचं अमोनियम, आणि या दोन पायऱ्यांना मिळून आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. हे इलेक्ट्रॉन प्रकाशातून कमवावे लागतात. तयार भाकरी समोर असताना कोणी जात्यावर बसत नाही. दोन्ही एकत्र दिलं तेव्हा आमच्या फ्लास्कमध्ये अमोनियम खाली येईपर्यंत नायट्रेट जवळपास हललंच नाही. गोठ्याच्या आणि न्हाणीच्या पाण्यातलं नत्र बरंचसं अमोनियमच्या रूपात असतं, हे इथे लिहून ठेवते.

२७ नोव्हेंबर

शेकर बिघडला होता म्हणून आजचे फ्लास्क नुसते टेबलावर ठेवून मोजले, आणि 'अ'च्या उल्वाने परवाच्या दोन-तृतीयांशच घेतलं. आधी वाटलं वजन चुकलं. मग लक्षात आलं की हालचालच नाही.

स्थिर पाण्यात शेवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर चिकटून राहतो. त्यातलं अमोनियम शेवाळ संपवतं आणि पुढचं रेणूरेणूने सरकत यावं लागतं. पंगतीत पान रिकामं झालंय पण वाढपी दुसऱ्या टोकाला आहे, तसं. भूक आहे, भात आहे, पण दोघांची गाठ नाही. पाणी हलवलं की हा थर पातळ होतो. म्हणून 'अ'च्या टोकावर पाणी नत्राला गरीब असलं तरी लाटा सारखं ताजं पाणी आणून आदळतात. तिथली उल्वा फिकट आहे, पण जिवंत आणि वाढती आहे. नुसती पाण्याची बाटली भरून आणून "इथे नत्र इतकं" म्हणणं अपुरं आहे. वाढपी किती वेळा फेरी मारतो तेही हवं.

३० नोव्हेंबर

बारा बादल्या मांडल्या. परवा उधाणाच्या सुकतीला 'अ'वरूनच दोन्ही जातींचा भरपूर माल आणला, आता हंगाम जोरात आहे. प्रत्येक बादलीत १० लिटर गाळलेलं पाणी आणि २० ग्रॅम शेवाळ. उल्वाच्या सहा, ग्रासिलारियाच्या सहा. प्रत्येकीच्या तीन बादल्या 'पोटभर', तीन 'उपाशी'. माझा आधीचा बेत एकेका बादलीचा होता. मॅडम म्हणाल्या, "एक बादली म्हणजे किस्सा, तीन बादल्या म्हणजे निदान चर्चा."

पोटभर बादल्यांना दर सोमवारी आणि गुरुवारी २०० मायक्रोमोलर अमोनियम, सोबत फॉस्फेट. फॉस्फेट किती द्यावं यावर तासभर गेला. प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांसाठी, अंगातल्या मूलद्रव्यांचं रेडफिल्डचं प्रमाण सगळ्यांना पाठ आहे: कर्ब १०६, नत्र १६, स्फुरद १. पण तळाला चिकटून वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींचं ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये काढलेलं प्रमाण ५५०, ३०, १ असं आहे. म्हणजे स्फुरदाच्या मानाने यांच्यात कर्ब पाचपट. कारण यांच्या अंगात भिंती, सांगाडा, गाळ धरणारी कर्बोदकं फार. तेव्हा नत्र-स्फुरद ३० ला १ ठेवलं.

एअर पंप बारा जणांना पुरत नाही. दोन मत्स्यालयवाल्यांकडून उसने आणले.

७ डिसेंबर

वजनं. उपाशी उल्वा २० वरून सरासरी २५. पोटभर उल्वाही २५ च्याच घरात. पाण्यात नत्र जवळजवळ नाही आणि तरीही उपाशी वाढते आहे! लॅबमधली पार्टनर म्हणाली, तुझ्या उपाशी पाण्यात कोणीतरी चोरून खाऊ टाकतंय.

चोरी नाही, साठा. मायकल ड्रूपने एकपेशीय शैवालावर काम करताना साठच्या दशकात हेच दाखवलं होतं: वाढीचा वेग बाहेरच्या पाण्यातल्या प्रमाणावर नव्हे, पेशीच्या आतल्या साठ्यावर ठरतो. थंड समुद्रातल्या केल्पांची, म्हणजे मोठ्या तपकिरी शैवालांची, कथा याहून भारी आहे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या लॅमिनेरिया या केल्पावर चॅपमन आणि क्रेगी यांनी १९७७ मध्ये लिहिलं होतं: हिवाळ्यात पाण्यात नायट्रेट मुबलक असतं तेव्हा ते पेशींत भरून ठेवायचं, आणि वसंतात पाण्यातलं संपलं तरी त्या शिदोरीवर वाढत राहायचं. मग उन्हाळ्यात प्रकाश भरपूर पण नत्र नाही, तेव्हा बनवलेला कर्ब लॅमिनारिन या कर्बोदकाच्या रूपात साठवायचा. म्हणजे त्याच केल्पाचं फेब्रुवारीतलं विश्लेषण आणि ऑगस्टमधलं विश्लेषण शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या वनस्पती वाटतील.

१४ डिसेंबर

उपाशी ग्रासिलारिया पिवळी पडली. गवताच्या काडीसारखी. पोटभर बादलीतली मात्र आमसुलाच्या रंगाची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एका जातीच्या आहेत असं कोणी म्हणणार नाही.

मामांनी वाकून बघितलं. "तरवा पिवळा पडला की आमच्याकडे युरिया मारतात." मामा चिपळूणकडचे, भातशेती आहे.

भाताच्या रोपात पिवळेपणा म्हणजे हरितद्रव्य गेलं. इथे आधी जातं ते फायकोएरिथ्रिन, लाल शैवालांचं लाल रंगद्रव्य. ते मुळात प्रथिन आहे, म्हणजे नत्राने भरलेलं. खोल पाण्यात पोचणारा हिरवा-निळा प्रकाश पकडणं हे त्याचं काम, पण नत्राची चणचण आली की शेवाळ ते मोडून खातं. घरातली चांदी मोडावी तसं. हरितद्रव्य त्या मानाने टिकतं, म्हणून लाल शेवाळ उपासाने आधी हिरवट, मग पिवळं दिसतं. खडपावर उन्हात फिकट पडलेली ग्रासिलारिया मी आजवर 'उन्हाने जळली' असं लिहीत आले. त्यातली काही उपाशी असणार. तीव्र प्रकाशानेही रंग उतरतो, तेव्हा नुसत्या रंगावरून कारण ठरवणं धोक्याचं.

१५ डिसेंबर

रंगद्रव्य काढलं. थंड फॉस्फेट बफरमध्ये खलबत्त्यात वाटायचं, सेंट्रीफ्यूज करायचं, ५६४, ५९२ आणि ४५५ नॅनोमीटरला वाचायचं. पोटभरचा अर्क कोकम सरबत. उपाशीचा अर्क पाणीच, त्याला जेमतेम गुलाबी झाक. फरक नऊपट.

अर्काला उजेडात धरलं की नारिंगी चमक दिसते. दहा मिनिटं कामधंदा सोडून तेच बघत होते.

२१ डिसेंबर

बादल्या उतरवल्या. उल्वाची शेवटची सरासरी वजनं: उपाशी २८, पोटभर ३४. उपाशीची वाढ दुसऱ्या आठवड्यापासून मंदावत गेली (२५, २७, २८). सगळा माल ओव्हनमध्ये.

पोटभर ग्रासिलारियाच्या एका बादलीत तंतुमय हिरवं शेवाळ घुसलं होतं. अन्न टाकलं की पाहुणे येणारच. ती बादली वगळली, म्हणजे तिथे दोनच उरल्या. लिहून ठेवते, कारण नंतर आठवणार नाही.

२७ डिसेंबर

नत्राचे आकडे आले. उल्वा, कोरड्या वजनाच्या टक्क्यांत:

'ब'ची, २९ ऑक्टोबरला थेट वाळवलेली: ३.४
'अ'ची, त्याच दिवशीची: १.९
'अ'ची, तीन आठवडे उपाशी: १.२
'अ'ची, तीन आठवडे पोटभर: ४.१

आता यातून 'प्रथिन' काढायचं. रीत अशी की नत्राला ६.२५ ने गुणायचं. उपाशीचं येतं ७.५ टक्के, पोटभरचं २५.६. माझ्या ऑक्टोबरच्या तक्त्यातले भांडणारे आकडे एकाच खडपावरच्या एकाच जातीत, एकाच लॅबमध्ये, तीन आठवड्यांच्या अंतराने मिळाले. तक्ता काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्या फक्त हसल्या.

पण तो ६.२५ सुद्धा शंकास्पद आहे. तो गुणक मुळात असं धरतो की सगळं नत्र प्रथिनातच आहे आणि प्रथिनात नत्र १६ टक्के आहे. शेवाळात बरंच नत्र प्रथिनाबाहेर असतं: सुटी अमिनो आम्लं, हरितद्रव्य, न वापरलेलं अमोनियम. म्हणून अलीकडे समुद्रशैवालांसाठी ५ हा गुणक सुचवला आहे. तो लावला तर पोटभर उल्वा २०.५ वर येते आणि उपाशी ६ वर. आणखी एक फट अशी की नत्र मोजायच्या साध्या केल्डाल पद्धतीत नायट्रेटचं नत्र धरलंच जात नाही. ज्या शेवाळाने नायट्रेट साठवून ठेवलंय त्याचा साठा या पद्धतीला दिसत नाही. आम्ही अमोनियम दिलं म्हणून आमचं निभावलं.

आणखी एक गोष्ट रात्री डोक्यात आली. उपाशी उल्वाच्या अंगातलं एकूण नत्र फारसं कमी झालेलं नाही. तेवढ्याच नत्रावर तिने जास्त अंग वाढवलं, म्हणून टक्का उतरला. दुधात पाणी घातलं की दूध जात नाही, दाटपणा जातो. प्रकाश होता, कर्ब मिळत होता, म्हणून पिष्ट आणि भिंतीची कर्बोदकं बनत राहिली. बहुतेक शैवालांच्या बाबतीत नत्र साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आलं की वाढ अडखळू लागते असं वाचलं होतं. 'अ'ची उल्वा खडपावरच १.९ होती. म्हणजे ती समुद्रातही काठावरच जगत होती.

८ जानेवारी २०२४

अगार. ग्रासिलारिया उकळली, गरम असतानाच कापडातून गाळली, थिजवली, रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवली, सकाळी वितळवून पाणी निघू दिलं, वाळवली. कापड पिळताना दोन्ही हात भाजले. गाळायला उशीर केला तर कापडातच जेली होते, हेही कळलं.

पोटभर: कोरड्या वजनाच्या १४ टक्के. उपाशी: २१ टक्के.

म्हणजे जिच्यात प्रथिन आणि रंग कमी, तिच्यात अगार जास्त. कर्ब येतच असतो. नत्र नसेल तर त्याचं प्रथिन करता येत नाही, मग तो भिंतीत जातो. कॅनडातच नीश आणि त्याच्या सहकाऱ्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्ड्रस क्रिस्पस या लाल शैवालात हेच कॅराजीननच्या (अगारसारखंच जेली करणारं कर्बोदक) बाबतीत बघितलं होतं. नत्र कमी केलं की कॅराजीनन वाढतं. त्याला आजही 'नीश परिणाम' म्हणतात.

लगेच खूश होऊ नये. टक्का वाढला, पण उपाशी बादलीत शेवाळच कमी भरलं. बादलीमागे अगार किती, हा हिशेब केला तर दोन्ही जवळपास सारखे येतात. फायदा हवा तर आधी पोटभर घालून अंग वाढवायचं आणि तोडणीआधी थोडे दिवस उपाशी ठेवायचं. कॉर्टिकाटाचं अगार तसंही नरम. घट्ट जेली हवी तर आधी अल्कलीत उकळावं लागतं, त्याने सल्फेट निघून जातं आणि साखळ्या नीट गुंफल्या जातात. तो भाग वेळ मिळाल्यास.

१६ जानेवारी

राख. ५५० अंशाला भट्टीत. उल्वाची राख कोरड्या वजनाच्या पाव हिस्सा. भाजीपाल्याच्या मानाने प्रचंड, आणि त्यातलं बरंच सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. याबद्दल आज जास्त लिहिणार नाही, कारण धुण्याच्या पद्धतीवर हा आकडा इतका नाचतो की मला माझ्याच आकड्याचा भरवसा नाही.

धातूंसाठी 'ब'चे नमुने बाहेर पाठवले आहेत, निकाल यायचा आहे. शेवाळ नत्र ओढतं तसं पाण्यातलं शिसं, कॅडमियमही धरतं. त्याच्या भिंतीतल्या कर्बोदकांवर ऋणभारित गट असतात, धनभारित धातू तिथे चिकटतात. त्यासाठी जिवंत असणंही गरजेचं नाही, वाळलेलं शेवाळही धातू पकडतं. म्हणून 'समुद्रशैवाल म्हणजे खनिजांची खाण' असं पाकिटावर वाचलं की आता मी विचारते, कोणत्या पाण्यातली खाण?

आयोडीनचंही तेच. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वाला आयोडीन सापडलं ते समुद्रशैवालाच्या राखेतच. पण लॅमिनेरिया डिजिटाटासारखा केल्प कोरड्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत आयोडीन साठवू शकतो आणि आपली उल्वा त्याच्या जवळपासही नाही. दोघांना 'सीवीड' या एका शब्दात बसवून डोस ठरवणारे लेख मी वाचणं सोडलं आहे.

२४ जानेवारी

आज लॅबमध्ये बचत गटाच्या चार ताई आल्या होत्या. पावसाळा सोडून उरलेले महिने तराफ्यावर शेवाळ लावायचा त्यांचा विचार आहे. तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बायका कॅप्पाफायकस हे लाल शैवाल लावतात हे त्यांनी व्हिडिओत बघितलं होतं. टेबलावरच्या दोन वाळलेल्या ग्रासिलारिया, लाल आणि पिवळी, हातात घेऊन एकीने विचारलं, "यातली चांगली कोणती? भाव कशाला?"

मी म्हटलं, घेणारा अगारवाला असेल तर पिवळी, पशुखाद्यवाला असेल तर लाल.

"आणि तराफा कुठे टाकायचा?"

पऱ्याच्या तोंडाशी वाढ भरभर होईल, पण ती खायला देता येणार नाही. धातूंचे आणि जंतूंचे आकडे हातात आल्याशिवाय तर नाहीच. टोकाशी पाणी स्वच्छ, पण वाढ हळू आणि लाटा दोर तोडतील. मधली जागा शोधावी लागेल. त्यातल्या वयाने मोठ्या ताई म्हणाल्या, "म्हणजे कोळंबीच्या तलावाचं पाणी सुटतं त्या बाजूला?" हे मला सुचलं नव्हतं. तलावाच्या पाण्यात अमोनियम असतं, शेवाळ ते ओढून घेतं, पाणीही सुधारतं. जगात बऱ्याच ठिकाणी मासे-कोळंबीबरोबर शेवाळ याच कारणासाठी लावतात.

नत्र जास्त झालं की काय होतं तेही सांगितलं. चीनमध्ये २००८ च्या ऑलिम्पिकआधी चिंगदाओच्या नौकास्पर्धेच्या पाण्यावर उल्वाचा हिरवा गालिचा आला होता, तो काढायला हजारो माणसं आणि होड्या लावाव्या लागल्या. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर शेतांतून वाहत आलेल्या नायट्रेटवर उल्वा माजते, किनाऱ्यावर कुजते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडचा विषारी वायू सुटतो. ताईंना हे पटकन कळलं. कुजलेल्या शेवाळाचा वास त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

५ फेब्रुवारी

शेवटचा प्रयोग, हा मूळ आराखड्यात नव्हता. अमावास्येनंतर १३ जानेवारीला आणलेली ग्रासिलारिया तीन आठवडे उपाशी ठेवली होती, आता पूर्ण पिवळी. जॉन रायदर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये फ्लोरिडात ग्रासिलारियावर दाखवलं होतं की काही तासांच्या खुराकात ती पुढच्या कित्येक दिवसांच्या वाढीपुरतं नत्र साठवून घेते. ताईंच्या तराफ्याला हे उपयोगी पडेल. रोज खत घालायला नको. अधूनमधून टाकीत बुडवून परत समुद्रात सोडता येईल, आणि खत घातलेल्या टाकीत घुसणाऱ्या हिरव्या पाहुण्यांनाही वेळ मिळणार नाही.

सकाळी नऊला खुराक, दुपारी तीनला बाहेर काढून नुसत्या समुद्राच्या पाण्यात. खुराकाच्या पाण्यातलं अमोनियम सहा तासांत निम्म्याहून खाली.

८ फेब्रुवारी

रंगात काही नाही. पार्टनर म्हणते मेली असेल. फांदी वाकवली तर कडक आहे, मेलेली लिबलिबीत होते.

१० फेब्रुवारी

टोकं लाल झाली. सगळी नाही, वाढती टोकं तेवढी, मधला भाग अजून पिवळाच. सकाळी मामांनीच आधी बघितलं आणि मला फोन केला.

उद्या: टोक आणि मधला भाग वेगळे कापून दोन्हीचं फायकोएरिथ्रिन आणि नत्र. धुणं गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातच. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, भरती-सुकतीची वेळ, आणि किती दिवस कोणत्या पाण्यात होती ते सगळं. दुसऱ्या वर्षाचं कठीणपणाचं प्रॅक्टिकल उद्या आहे का ते विचारणे. असेल तर बफरची बाटली खालच्या मजल्यावर.